मालकांकडे आम्ही सुखी आहोत

"हिला रंग लावायची गरजच नाही," श्रावणी म्हणाली.

अख्खा वर्ग हसला. हिस्टरीच्या मॅम "श्रावणी, नो" म्हणाल्या. पण हसतहसतच म्हणाल्या.

मी वर्गाच्या मधोमध गुडघ्यांवर बसले होते. नववी ब. बाकं भिंतीला सरकवलेली. युनिफॉर्मवर बटाट्याचं पोतं घातलेलं, डोकं आणि हात बाहेर काढायला त्याला तीन भोकं पाडलेली. पोत्याचे धागे मानेला टोचत होते. हातांत काळ्या क्रेप पेपरची साखळी. माझ्यामागं श्रावणी उभी. पांढरा पायघोळ फ्रॉक, हातात लेसची छत्री. दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवलेला. घरच्या कुत्र्यावर ठेवतात तसा.

मॅमनी मोबाईल धरला.

"स्माइल. अगं, असा रडका चेहरा नको. तू खूश आहेस. तुम्ही सगळे मालकांकडे खूश आहात, हेच तर पोस्टरमध्ये दाखवायचंय ना आपल्याला?"

मी हसले.

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. दारात आई होती. हातात फिनाइलची बादली. तिनं माझ्याकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. बादली उचलली आणि पुढं गेली.

फोटो त्याच क्षणी निघाला. नीट पाहिलं तर कळतं. ओठ हसतायत, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत.

आई त्या शाळेत मावशी होती. वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, लहान पोरांना बसमधून उतरवून घ्यायचं. मी त्या शाळेत पहिलीपासून होते, आरटीईच्या मोफत जागेवर. ती जागा आठवीपर्यंतच असते. आठवीनंतर फी भरा, नाहीतर निघा. तेव्हा आईनं शाळेत काम धरलं. कामवालीच्या मुलीला फी माफ. म्हणजे आईचं काम गेलं की माझी शाळा गेली. एवढं साधं होतं ते. नववीत रोज मी हे डोक्यात घेऊन वर्गात बसायचे. कुणी बाकावर रेघ ओढली तरी मला वाटायचं, माझ्यावर येणार. मॅमनी नाव घेतलं की मी उभी राहायच्या आधीच सॉरी म्हणायचे.

आम्ही परभणीकडचे. बाबा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार, प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर. राहायला कुरुळीत, दहा बाय दहाच्या खोलीत. अशा बावीस खोल्या एका ओळीत, सगळ्या श्रावणीच्या आजोबांच्या. पूर्वी तिथं त्यांचं रान होतं. शाळाही त्यांच्याच जमिनीवर उभी. गावात त्यांना अण्णा म्हणतात. आम्ही भाडेकरू त्यांना मालक म्हणायचो. म्हणजे श्रावणी माझ्या वर्गातली आणि माझ्या मालकांची नात. ती मला शाळेत ओळख द्यायची नाही. मला त्याचं बरंच वाटायचं.

प्रोजेक्ट असा होता. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा झाला होता. त्यात फ्रान्सच्या वसाहतींचं थोडंसं येतं. समुद्रातलं एक बेट, तिथले उसाचे मळे, आफ्रिकेतून जहाजांत भरून आणलेली गुलाम माणसं. तिथं क्रांती झाली. मॅम म्हणाल्या, दोन्ही बाजूंची प्रचाराची पोस्टर्स बनवा. वर्गाचे दोन गट. एक मळेवाल्यांचा, एक गुलामांचा. मी मळेवाल्यांच्या गटात. श्रावणी लीडर. माझं ड्रॉइंग चांगलं होतं. मी म्हटलं, मी उसाचा मळा काढते, वर जहाज काढते. श्रावणी म्हणाली, नको, फोटो घेऊ. फोटोसाठी सुखी गुलाम पाहिजे होता. तिनं वर्गावर नजर फिरवली. फार फिरवावी लागली नाही.

त्या दिवशी घरी जाताना सहा सीटर रिक्षात दोघी शेजारी बसलो. तिच्या हातांना फिनाइलचा वास येत होता.

पुढच्या सोमवारी तो फोटो शाळेच्या गेटवर होता.

शनिवारी हिस्टरी फेअर होती. पालक येणार, पाहुणे येणार. मॅमना आमचं पोस्टर सगळ्यात 'इफेक्टिव्ह' वाटलं, म्हणून त्याचाच मोठा फ्लेक्स केला. गेटच्या लोखंडी कमानीला, रस्त्याकडे तोंड करून. दोन माणसांएवढा. मधे मी गुडघ्यांवर, हसताना. श्रावणीचा हात माझ्या डोक्यावर. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: 'वुई आर हॅपी विथ अवर मास्टर्स.' खाली कोपऱ्यात गोलात अण्णांचा फोटो, फेटा बांधलेला, हात जोडलेला. प्रमुख पाहुणे तेच होते. आमच्याकडं कुठलाही फ्लेक्स असा गोलातल्या फोटोशिवाय लागत नाही.

मी गेटपाशी उभीच राहिले. मागून बस हॉर्न देत होती. त्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बसेस जातात. तिन्ही शिफ्टची माणसं जातात.

दुपारी बाबा पहिली शिफ्ट करून आले ते पेढ्याचा पुडा घेऊन.

"बसमधून पाह्यलं मी!" त्यांचा चेहरा फुलला होता. "सगळ्यांना दाखवलं. म्हनलं, ही माझी लेक. फ्लेक्सवर! पोरं म्हनली, भाऊ, पार्टी पाहिजे."

त्यांना इंग्रजी येत नाही. बस वेगात जाते. त्यांना एवढंच दिसलं होतं की शाळेच्या गेटवर आपल्या पोरीचा फोटो लागलाय. आमच्या भागात फ्लेक्सवर कोण असतं? वाढदिवसवाले. निवडून आलेले. जमीनवाले. कंत्राटी कामगाराची पोरगी कशाला असेल?

"पोतं कशाला घातलंय गं? नाटक हाय का?"

"हो."

"अन् वर काय लिव्हलंय?"

मी आईकडे पाहिलं. ती स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती.

"बेस्ट स्टुडंट," मी म्हटलं.

बाबांनी आधी देवापुढं पेढा ठेवला. मग माझ्या तोंडात घातला. मी तो गालातच धरून नळावर गेले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी आईसोबत थांबले. रोजच थांबायचे. ती झाडायची, मी फळे पुसायचे. नववी ब मध्ये एका बाकावर दुसऱ्या गटाचे कागद पडले होते. मॅमनी दोन्ही गटांना वेगवेगळी माहिती दिली होती. आमच्या कागदावर साखरेचा व्यापार, मळेवाल्यांचे बंगले आणि 'त्या काळचे विचार' एवढंच होतं. यांच्या कागदावर वेगळंच. मी उभ्या उभ्या वाचायला लागले.

"काय वाचायलीस?" आईनं विचारलं.

मी तिला मराठीत सांगत गेले. की त्या माणसांना गुरांसारखं विकायचे. उसाच्या चरकात हात गेला तर तिथंच तोडायचे. आणि एक दिवस ती माणसं उठली. मळे पेटवले. वर्षानुवर्षं लढली. मोठमोठ्या राजांच्या फौजा आल्या तरी हटली नाहीत.

आईचा झाडू थांबला होता.

"मंग? फुडं?"

"जिंकले."

"कोन?"

"ते गुलाम. त्यांनी स्वतःचा देश केला. अजून आहे तो देश. हैती नाव आहे."

आई बाकावर बसली. शाळेच्या बाकावर ती कधी बसायची नाही. मावश्यांनी बसायचं नाही असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण कुणी बसायच्या नाहीत.

"अन् तुला कामून बसवलं तसं? गुडघ्यावर?"

मी ते कागद सरळ करत राहिले.

"मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं आत जावं अन् ते पोतं काढून फेकून द्यावं. मंग वाटलं, मी आत गेले तर आपल्या दोघींला काढतील. म्हनून गेले मी पुढं. पुढच्या वर्गाची फरशी दोनदा पुसली. धुतलेलीच होती."

ती रडली नाही. मी पण नाही. कॉरिडॉरमध्ये कुणाचे तरी बूट वाजले आणि आम्ही दोघी एकदम उठलो. ती झाडायला लागली, मी फळा पुसायला. बूट निघून गेले. आपण काय केलंय म्हणून एवढं घाबरलो, हे मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःला विचारलं. कागद वाचला होता. आई बाकावर बसली होती. बस, एवढंच.

गुरुवारी मॅमनी सांगितलं, शनिवारी मी पोतं घालून गेटवर फ्लेक्सखाली उभं राहायचं. पालक आले की वाकून 'वेलकम' म्हणायचं. फार क्यूट दिसेल.

"मॅम, मी नाही उभी राहणार."

आवाज इतका बारीक निघाला की मॅमनी "काय?" विचारलं. मी परत म्हटलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, हे ॲक्टिंग आहे. पर्सनली काय घेतेस? श्रावणीनंपण केलंच ना मालकिणीचं? तुझ्या आईशी बोलू का मी? प्रिन्सिपल सरांकडे बोलावू तिला?"

केबिनबाहेर उभी असलेली आई मला डोळ्यांपुढं दिसली.

"नको मॅम. राहते उभी."

हे मी लपवणार नाही. मी पहिल्यांदा नाही म्हटलं आणि दोन मिनिटांत हो म्हटलं. भीतीनं. मला कुणी शूर म्हटलं तर मला तो गुरुवार आठवतो.

शुक्रवारी बाबा म्हणाले, उद्या सुट्टी टाकलीय. शर्ट इस्त्रीला दिलाय. पोरीला बघायला येणार.

मग मला सांगावंच लागलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि त्या इंग्रजी ओळीचं खरं मराठी केलं.

"बाबा, त्यावर लिहिलंय, आम्ही आमच्या मालकांकडे सुखी आहोत. मी त्यात गुलाम आहे. विकत घेतलेली."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. शर्टाची घडी त्यांच्या मांडीवर होती.

"मालकांचाच फोटू हाय की खाली," ते हळूच म्हणाले.

बाहेर खोल्यांच्या ओळीत कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. बाबांना काय आठवत असेल ते मला कळत होतं. बसमधली माणसं. पार्टी पाहिजे म्हणणारी.

"मी काढून आणते तो," मी म्हटलं.

बाबा ताडकन उठले. "याड लागलं का? त्यांचा फोटू हाय त्याच्यावर. फ्लेक्स फाडला म्हनून हितं डोकी फुटलीत लोकांची. खोली जाईल. आईचं काम जाईल. माझा ठेकेदारपन त्यांच्याच भावकीतला. कोनी हात लावू नका. मी हात जोडतो."

खरंच हात जोडले त्यांनी. माझ्यापुढं. माझ्या बापानं.

ते खोटं बोलत नव्हते. त्यातलं सगळं खरं होतं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जोडलेल्या हातांचा आला.

शनिवारी सकाळी आई आणि मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी शाळेत पोचलो. गेट उघडं होतं. वॉचमन काका खुर्ची पुसत होते. माझ्या दप्तरात क्राफ्टची कात्री होती. मी आईला सांगितलं नव्हतं. मी खुर्ची मागितली. काकांना वाटलं, फुलं बांधायचीत. त्यांनी दिली.

मी खुर्ची कमानीखाली ठेवली आणि वर चढले. खुर्ची डुगडुगत होती. एकदम ती स्थिर झाली. खाली बघितलं तर आईनं दोन्ही हातांनी धरली होती. ती वर बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती.

मी फ्लेक्स फाडला नाही. माझ्या कपाळाजवळ कात्री खुपसली आणि माझ्याच कडेनं कापत गेले. केस, खांदा, पोतं, हात, गुडघे. फ्लेक्स जाड असतो. क्राफ्टची कात्री बोथट. बोटांना फोड आले. श्रावणीचा हात मी तसाच ठेवला. अण्णांच्या फोटोला कात्रीचं टोकही लागू दिलं नाही. वरची ओळ जशीच्या तशी. फक्त माझ्या आकाराचं भोक पडलं आणि त्यातून शाळेची इमारत दिसायला लागली. श्रावणीचा हात त्या भोकावर.

तोवर पहिली बस आली होती. पोरं खाली उतरून बघत उभी. कुणीतरी आत पळत गेलं.

मी खाली उतरले तेव्हा माझी सलवार ओली झाली होती. भीतीनं. हे पण मी लपवणार नाही. आईनं तिची ओढणी माझ्या कमरेला बांधली.

प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये आम्हाला उभं केलं. थोड्या वेळानं अण्णा आले, फेटा बांधूनच. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांना गरज पडत नाही.

"कुनाला इचारून कापलंस?"

"माझा फोटो होता."

"फ्लेक्स कुनाचा हाय?"

"फ्लेक्स तुमचा. तो आहे तिथंच. मी माझा फोटो घेतला."

"आमच्या खोलीत ऱ्हाता. आमच्या जाग्यावर शिकता. अन् आमच्या कार्यक्रमात कात्री लावता व्हय?" ते आईकडे वळले. "तुला तरी अक्कल न्हाई का? पोरीला खुर्ची धरतीस?"

आई म्हणाली, "पडली असती."

सरांनी एक कागद पुढं सरकवला. इंग्रजीत टाइप केलेला. मी सही करायची, खाली आईनं करायची. मी तो वाचला आणि आईला मराठीत सांगितला, एकेक ओळ. की मी शाळेच्या मालमत्तेची नासधूस केली. की पाहुण्यांचा अपमान केला. की माझ्या आईनं मला फूस लावली. की आम्ही माफी मागतो आणि परत असं करणार नाही.

"सही करा, विषय संपला," सर म्हणाले. "नाहीतर मला पुढची पावलं उचलावी लागतील."

मला शाळा हवी होती. हे कुणालाच कळत नाही. मला त्या शाळेचा राग नव्हता, मला ती हवी होती. लायब्ररी, लॅब, सगळं. मी पेन हातात घेतलं होतं. पण तो कागद मी नुकताच आईला वाचून दाखवला होता. स्वतःच्या तोंडानं. तिच्या देखत त्यावर सही कशी करायची?

मी पेन टेबलावर ठेवलं. "यात माझ्या फोटोचं काहीच नाही. मला पोतं घातलं, त्याचं नाही. मी सही करणार नाही."

आई म्हणाली, "मी बी नाही."

आईचं काम त्याच दिवशी गेलं. खोली महिनाअखेर सोडायला सांगितली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एका सहीनं काय झालं असतं गं?" मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला परत एकदा खोटं मराठी सांगावं लागलं असतं." ते उठून बाहेर गेले. आम्ही भोसरीत खोली घेतली. बाबा तिथून चाकणला जायचे, आई एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला लागली.

शाळा दाखला देईना. आधी माफीपत्र, मग दाखला. आई आणि मी रोज जाऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचो. मुली जाता-येता बघायच्या. श्रावणी एकदा समोरून गेली. तिनं खाली मान घातली. मॅम दुसऱ्या जिन्यानं जायला लागल्या. रोज सकाळी निघताना मला वाटायचं, आज नको. रोज आम्ही जायचो. नवव्या दिवशी क्लार्कनं दाखला आणून हातावर ठेवला.

दाखल्यात वर्तणुकीचा रकाना असतो. सगळ्यांच्या दाखल्यात तिथं 'गुड' लिहिलेलं असतं, कुणी वाचतसुद्धा नाही. माझ्या दाखल्यात लिहिलं होतं 'अनसॅटिस्फॅक्टरी'. असमाधानकारक.

ही गोष्ट आता पाच वर्षांपूर्वीची. तो कागद मी भोसरीच्या शाळेत दिला, तिथल्या दहावीच्या दाखल्यात तोच शेरा उतरला, तो ताथवड्याला डिप्लोमाला दिला. प्रत्येक टेबलावर तेच होतं. क्लार्क चाळत जातो, थांबतो, मान वर करतो. "काय केलं होतंस गं?" आणि दरवेळी मी पुन्हा त्या केबिनमध्ये उभी असते.

गेल्या महिन्यात जुन्या शाळेतून फोन आला. नवे प्रिन्सिपल आलेत, चांगले आहेत. एक अर्ज द्या. 'अजाणतेपणी चूक झाली' एवढं लिहा. 'गुड' लिहिलेला नवा दाखला देतो. बाबा म्हणाले, "दे लिहून, लेकी. नोकरीचा प्रश्न हाय." आई माझ्याकडे बघत राहिली.

मी फोनवर सांगितलं, अर्ज देणार नाही. मी अजाण नव्हते. पंधरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

सोमवारी चाकणला मुलाखत आहे, क्वालिटी विभागात. ते कागद बघतील, त्या रकान्यावर बोट ठेवतील आणि विचारतील. मला भीती वाटेल. आत्ता लिहितानाही वाटतेय. नोकरी कदाचित जाईल. पण मी खालच्या आवाजात, काहीतरी गोलमोल सांगणार नाही. त्यांनी विचारलं की मी खुर्चीत ताठ बसून सगळं सांगणार आहे. कुणी बसवलं, कुणी हसवलं, कुणाच्या जमिनीवर, आणि मी काय कापलं. दहा ठिकाणी विचारलं तर दहा ठिकाणी सांगीन. तो शब्द त्यांनी लिहिलाय. मी तो खोडणार नाही.